हात पोचेल तिथवर सागवान

"ही शिडी तुझ्या गाडीवर बांध आणि घेऊन जा," एस्तेरमावशी म्हणाल्या. "मग चहा घेऊ."

मी त्यांच्या घराचं काम बघायला आले होते. मी आर्किटेक्ट आहे, भंगार गोळा करत नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मावशींनी जन्मभर हॉस्पिटलात मेट्रन म्हणून वॉर्ड चालवले आहेत. त्यांनी सांगितलं की माणूस आधी करतो आणि मग विचार करतो. शिडी गाडीच्या टपावर चढली.

नगरच्या स्टेशन रोडला अशा दगडी बंगल्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. ही कुणा साहेबानं बांधलेली; चुन्यातली काळ्या दगडाची भिंत, वर कौलं, पुढे लांबलचक व्हरांडा. व्हरांड्याला जाफरी, म्हणजे लाकडी पट्ट्यांची तिरकी जाळी, थेट छपरापर्यंत. आणि कौलांच्या कडेला कातरकाम केलेली लाकडी पट्टी. तिला आम्ही झालर म्हणतो. हे घर मावशींच्या वडिलांनी, डॉक्टरांनी विकत घेतलं होतं. मावशींचे यजमान रत्नाकरकाका मूळचे खर्ड्याचे, एसटीत ड्रायव्हर होते. आदल्या वर्षी नाताळाआधी जाफरीच्या वरच्या टोकाला तेल लावताना ते त्या शिडीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण खांदा आखडला आणि हात पूर्वीसारखा वर जात नव्हता.

"बाहेरून एक इंचभर लाकूड ठेवू नकोस," मावशी म्हणाल्या. "सगळं मॉडर्न कर. तेल नको, रंग नको. त्यांना शिडीवर चढायला कारणच उरता कामा नये. पुन्हा पडले तर लेक आम्हाला पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेणार आहे. तिथं ते महिनाभरात वाळून जातील."

आता जुन्या घराला 'मॉडर्न लुक' हे शब्द ऐकले की माझं डोकं उठतं. चांगल्या दगडी बंगलीवर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून तिचं मोबाईलचं दुकान केलेलं मी या शहरात पाहिलं आहे. आमचा कॉन्ट्रॅक्टर शेख तर म्हणाला, "मॅडम, दगडावर क्लिअर कोटिंग मारू, काचेसारखं चमकेल." मी नाही म्हटलं. चुन्यातली भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. वरून कोटिंग मारलं की ओल आतच राहते आणि दगड पापुद्र्यांनी सुटायला लागतो. भिंतीला हात लावायचा नाही, एवढं मी दोघांनाही बजावलं.

पण लाकडाच्या जागी डब्ल्यूपीसी चालण्यासारखं होतं. हे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवतात. वाळवी लागत नाही, पावसात फुगत नाही, तेल-रंग मागत नाही. नीट कापून बसवलं तर चार हातांवरून लाकूडच वाटतं.

काका मात्र ऐकायला तयार नव्हते.

"प्लास्टिकच्या घरात ऱ्हायाचं म्हंजे टिफिनच्या डब्यात ऱ्हायल्यासारखं," ते म्हणाले. "लई तर एक मानूस लावू तेल द्यायला."

"आणि त्या माणसाला दाखवायला तुम्ही शिडीवर चढाल," मावशी म्हणाल्या.

काकांनी हो म्हणून मान हलवली. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

मग मावशींनी डाव टाकला. काका पुतण्याच्या लग्नाला खर्ड्याला जाणार होते. तेवढ्यात शेखनं जाफरीचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, काढून तिथं डब्ल्यूपीसीचा बसवायचा. रंग जुन्याशी जुळवायचा. काकांना कळलं नाही तर सगळे गाळे बदलायचे. क्लायंटच्या नवऱ्याला फसवणं माझ्या कामात बसत नाही, असं मी म्हणून पाहिलं. "मी तुझी क्लायंट नाही, मावशी आहे," मावशी म्हणाल्या. मी त्यांची भाची नाही. तरी गाळा बसला.

काका आले. रोज त्याच गाळ्याशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत राहिले. मावशींचा फोन आला, "हूं नाही की चूं नाही. ऑर्डर देऊन टाक."

शेवटचं माप घ्यायला मी गेले, तर काका स्टुलावर बसून जाफरीला जवसाचं तेल लावत होते. डाव्या हातात फडकं होतं. नाताळ जवळ आला होता, आणि या घरात नाताळाआधी जाफरीला तेल लागतं. बाजूच्या गाळ्यावर तेल लावलं की लाकूड क्षणात गडद व्हायचं. आमच्या गाळ्यावर मात्र तेलाचे ओघळ खाली येऊन फरशीवर थेंब पडत होते. काका ते पुसत होते, पुन्हा लावत होते.

"म्याडम," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे पीत न्हाई."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मावशी दारात आल्या होत्या. काकांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"लगीन झालं तवा पपा माझ्याशी बोलत नव्हते," ते म्हणाले. पपा म्हणजे सासरे, डॉक्टर. "लेकीनं ड्रायव्हर केला म्हून. पैल्या नाताळाला मी हितंच बसलो हुतो, आत जायाची हिंमत न्हाई. पपा तेल लावत हुते. एक फडकं माझ्याकडं टाकलं, म्हनले, वरचं मी करतो, खालचं तुझं. बास. मग जेवायला शेजारी बसवलं. ते गेले, तवापास्नं वरचंबी मीच करतो."

"तुम्ही पडलात तेव्हा मी आत करंज्या तळत होते," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "धप्प आवाज आला, तर मला वाटलं रव्याचा डबा पडला. मी झारा खाली ठेवून मग सावकाश आले. ते माझ्या मनातून जात नाही. घर नसलं तरी मी राहीन. तुम्ही नसलात तर मला जमणार नाही."

काकांनी फडकं मांडीवर ठेवलं. मला दोघांचीही इतकी माया वाटली की मी उगाच टेप उघडत-मिटत बसले. आणि मग काकांचंच वाक्य डोक्यात घोळायला लागलं.

"काका, पपा म्हणाले ना, खालचं तुझं? मग खालचं तुमच्याकडेच राहू दे. वरचं पपांचं होतं. ते माझ्याकडे द्या."

मी त्यांना स्टुलावर बसूनच उजवा हात वर करायला सांगितलं. हात पोचेल तिथं खांबावर खडूनं रेघ मारायची. रेघेच्या खाली जुनं सागवान, वर डब्ल्यूपीसी. झालरही डब्ल्यूपीसीची. काकांनी हात वर नेला. मग टाचा उचलून, स्टुलावरून किंचित उठत, थोडा अजून. कळेनं चेहरा वाकडा झाला.

"टाचा खाली टेका," मावशी म्हणाल्या.

काकांनी टाचा टेकवल्या. रेघ चार बोटं खाली आली. त्यांना ते आवडलं नाही, पण ते हसले.

शेखनं ड्रॉइंग पाहून विचारलं, "मॅडम, ही आडवी पट्टी या उंचीवर का? कुठल्याच मापात बसत नाही."

"काकांच्या मापात बसते," मी म्हटलं.

झालर आणि वरची जाळी त्या नाताळाच्या आत बसली, आणि काढून ठेवलेल्या गाळ्याचं खालचं सागवानही परत जागेवर आलं. खालचं सागवान दर वर्षी तेलानं गडद होत जाणार आणि वरचं तसंच राहणार. सांधा दिसणारच. येणारेजाणारे विचारतात, मॅडम, हे चुकलं का? चुकलेलं नाही. पूर्वी मी मटेरियल निवडताना ऊन आणि पाऊस बघायचे. आता तिसरी गोष्ट विचारते, की याला हात कोण लावणार आहे.

शिडी माझ्या ऑफिसच्या मागच्या भिंतीला टेकून आहे. काका अधूनमधून फोन करतात. इकडचं तिकडचं बोलतात आणि शेवटी हळू आवाजात विचारतात, "शिडी बरी हाय ना?"

बरी आहे, असं मी सांगते. मावशींना सांगत नाही.