अकरा सेकंदांचा फोन

आमची पलटण तेव्हा उत्तर सीमेवर होती. मी प्लाटून हवालदार. नाईक रघुनाथ, म्हणजे आमचा रघू, माझ्याच प्लाटूनमधला. सुरतेत भेस्तानला आमची घरं एका भिंतीची. अलीकडे माझी वंदना, पलीकडे त्याची सुनंदा. दोघांचेही बाप खान्देशातून पॉवरलूमवर कामाला सुरतेला आलेले, म्हणून घरात बोलणं अजून अहिराणीच.

पोस्टचं रुटीन ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, मग चहा, ०६४० ला पेट्रोल, म्हणजे गस्त. संध्याकाळी सिग्नल मिळाला की घरी व्हिडिओ कॉल. रघू मोबाइलवर सुनंदाची भाकरी फुगताना बघत बसायचा.

"अरे, बघून पोट भरतं का तुझं?" मी विचारायचो.

"उस्ताद, वासपण येतो," म्हणायचा. बेटा होताच तसा.

माझे वडील सांगायचे, त्यांच्या काळी गावाहून सुरतेला येणारं पोस्टकार्ड आठ-आठ दिवस वाटेत असायचं. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की समजायचं, कोणीतरी गेलं. कार्ड ज्याच्या हाती पडे तो ते गुपचूप खिशात घाली. ज्याचं माणूस गेलं त्याला आधी दोन घास खाऊ घालायचे, त्याची माणसं गोळा करायची, मग सांगायचं. आम्ही पोरं या उशिराला हसायचो. काय अक्कल होती आमची! आता मला तो उशीर हवासा वाटतो.

रघूला ही रीत ठाऊक होती. एकदा रायफल साफ करता करता म्हणाला, "उस्ताद, माझं काही बरंवाईट झालं तर सुनंदाला एकटीला कळू देऊ नका. आधी तिच्या भावाला फोन करा. तो सुरतेतच, पर्वत पाटियाच्या कापड मार्केटात असतो, तासाभरात पोचेल."

"अभद्र बोलू नकोस," मी खेकसलो. पण नंबर डायरीत लिहून घेतला. शब्दही दिला.

त्या दिवशी ०६४० ला रघूचं सेक्शन पेट्रोलवर निघालं. मी पोस्टवरच होतो. ०९१५ ला रेडिओवर रघूचं सेक्शन बोललं.

"टायगर फॉर टायगर टू. बर्फ आया है. एक आदमी नीचे. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"नाईक रघुनाथ. ओव्हर."

आम्ही फावडी घेऊन धावलो. १०४० ला त्याला बाहेर काढलं. ११०५ ला डॉक्टरसाहेबांनी मान हलवली. मी त्याच्या मिशीवरचा बर्फ हाताने पुसला. 

कंपनी कमांडर साहेबांनी सगळ्यांना फॉलइन केलं, रांगेत उभं केलं. "जब तक घर पर अफसर नहीं पहुँचता, कोई फोन नहीं करेगा. हवालदार, सबके मोबाइल जमा करो." हुकूम बरोबर होता. आजकाल बातमी माणसाच्या आधी घरी पोचते, म्हणूनच असे हुकूम निघतात. मी ट्रंकेत एकेक मोबाइल टाकला. रघूचाही, बंद करून. शेवटी माझा राहिला.

त्यावर वंदनाचे सतरा मिस्ड कॉल होते. कुठल्याशा चॅनेलवर नाव न घेता आलं होतं, बर्फाखाली जवान अडकले म्हणून. मोबाइल हातात असतानाच पुन्हा वाजला. मी उचलला. १३२० वाजले होते.

"काय व्हयनं?" ती रडत होती.

"मी बरा शे. फोन ठेव."

अकरा सेकंद. स्क्रीनवर आकडा दिसला, अजून दिसतो.

पुढचं मला नंतर वंदनाने सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती तशीच अनवाणी सुनंदाकडे पळाली. "यास्ना फोन उना! त्या बरा शेतस. तुन्हाकडे उना का?" एकाच पोस्टवरची दोन माणसं. एकाचा फोन आला, दुसऱ्याचा नाही. सुनंदा रघूचा नंबर लावत राहिली, मोबाइल बंद, पुन्हा लावत राहिली. चार तासांनी वर्दीतले साहेब दारात उभे राहिले तेव्हा तिचं माहेरचं एकही माणूस घरात नव्हतं. भाऊ रात्री पोचला. त्याला कोणाच्या तरी स्टेटसवर रघूचा हार घातलेला फोटो दिसला होता.

हुकूम मोडायचाच होता, तर त्या भावासाठी मोडायचा. नंबर माझ्याच खिशातल्या डायरीत होता. मी मोडला तो माझ्या बायकोसाठी. ही माझी चूक, आणि या चुकीला माफी नाही, असं मी धरून चाललो.

पेन्शन घेऊन भेस्तानला आलो. वंदना सुनंदाला भाजी देई, दुखलंखुपलं बघे. पण आमच्या घरातली चांगली बातमी तिने त्या दारात पुन्हा नेली नाही. परवा आमच्या लेकीचं, पूनमचं लग्न ठरलं. पेढे आले, अख्ख्या गल्लीत वाटले, ते एक दार सोडून.

शेवटी मीच सकाळी सुनंदाकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. डायरी, नंबर, दिलेला शब्द. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"दादा, त्या गयात हाई माले तवयच समजनं," ती म्हणाली. मग ताट बाजूला ठेवलं. "तुम्ही ताईचा फोन उचलला, त्याचा राग नाही. मीपण तेच केलं असतं. राग येतो तो वेगळा. पूनमचं ठरलं ते मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. भिंतीला भिंत लागून! त्या फोनच्या दिवशी ताई किती हरखून आली होती. तशी पुन्हा आलीच नाही."

मी उठलो. घरी गेलो, वंदनाला म्हटलं, पेढे घे, चल. ती दारात पोचण्याआधीच रडायला लागली. सुनंदाने तिच्या हातून पेढ्यांचा डबा घेतला.

"थांब ताई, पहिले त्यास्ले सांगू दे."

भिंतीवर रघूचा वर्दीतला फोटो आहे. तिने पेढा त्याच्यापुढे ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "आयकं का? पूनमनं लगीन ठरनं."