भाकरी माझी, डाळ तुझी

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते आत्याचं. वळसंगची शाळा संपवून मी सोलापूरला आलो, तेव्हा तिनं मला घरात घेतलं. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला. मेडिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा तिनं गल्लीभर साखर वाटली.

मी तिसऱ्या वर्षाला असताना तिला ताप आला आणि तो मेंदूत गेला. ती वाचली, हिंडू-बोलू लागली. पण नवं काही डोक्यात टिकेना. लग्नातले रुसवेफुगवे सगळे आठवत. सकाळी कोण येऊन गेलं, ते दुपारी आठवत नसे.

रोज विचारलं की डोकं चालू लागतं, अशी गल्लीची समजूत. शेजारीण यायची आणि म्हणायची, "सांगा बघू, काल मी काय आणलं होतं?"

आत्या ओशाळायची, मग म्हणायची, "तुमच्या घरातनं कवा काय आलंय, म्हणून ध्यानात ठिवू?"

एकदा चुलीवर डाळ ठेवून ती अंगणात गेली. डाळ जळाली, घरभर धूर. तिच्या यजमानांनी, म्हणजे आतोबांनी, तिला चूल बंद केली आणि स्वयंपाक सुनेकडे दिला.

"मग हितं बसून काय करू? पाव्हणी हाय व्हय मी?" असं म्हणताना तिचे डोळे भरले.

मी आमच्या सरांना विचारलं. त्यांनी बरणीतल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस दाखवला. दोन्ही बाजूंना आत दडलेला, बोटाएवढा भाग. तापानं तोच दुखावला होता. घरी येऊन मी आतोबांना म्हटलं, "कणगीतली जुनी ज्वारी शाबूत आहे. नवं पोतं आत नेणारा गडी आजारी पडलाय. त्याला नुसत्या हाका मारून काय होणार? तिला विचारायचं नाही, सांगायचं. वस्तू जागच्या जागी ठेवायच्या. झोप पुरी होऊ द्यायची."

"आन् चूल?"

त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. आतोबांना विनवून काही सकाळी तिला भाकरी करू दिली आणि मी समोर बसलो. एकही भाकरी करपली नाही. मळणं, थापणं, तव्यावर पाणी फिरवणं, निखाऱ्यावर फुगवणं; एका कामातून दुसरं आपोआप निघायचं आणि ती चुलीपासून हलायचीच नाही. हाताची सवय मेंदूत दुसरीकडे राहते. डाळ मात्र शिजत ठेवून बाजूला व्हावं लागतं. तिथं ती हरवायची.

मी वाटणी सुचवली. आत्यानं सुनेकडे पाहिलं. "बरं. भाकरी माझी, डाळ तुझी. पर माझ्या भाकरीला नावं ठिवायची न्हाईत."

"मी कवा ठिवली, आत्याबाई?"

"ठिवली असशील की. मला कुटं आठवतंय?"

सगळे हसले, तीही.

दुसऱ्या दिवशी ती वाटणी विसरली. मग डाळीवरून रोज नवं भांडण. पास होऊन मी जेऊरकडे इंटर्नशिपला गेलो आणि तिला मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं. चौथीपर्यंतचं तिचं वाचन पक्कं होतं. सुनेनं ते चुलीसमोर भिंतीवर लावलं.

"तीर्थरूप आत्यास नमस्कार. मी पास झालो, डॉक्टर झालो. तुझ्या भाकरीवर झालो. तुला ताप आला होता, म्हणून नवं लक्षात राहत नाही. त्यात तुझी चूक नाही. घरातली भाकरी तूच करतेस. डाळ सुनेनं करायची, हे तुझ्याच तोंडानं ठरलंय, मी तिथं होतो. रविवारी जेवायला येतो. तुझा भाचा."