पारडं उलटं ठेवणारे हबीबभाऊ

हबीबभाऊंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. भांडत मी होते, ते हसत होते.

लग्न होऊन दोनच महिने झाले होते. सासूसोबत डोक्यावर टोपली घेऊन मी धानोऱ्याच्या बाजारात आले होते. टोपलीत चाराच्या गुठल्या होत्या. ज्यांनी फक्त मिठाईवरची चारोळी पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगते. चार हे जंगलातलं फळ, त्याच्या आत कडक गुठली, आणि ती गुठली फोडली की चारोळी निघते. वजन वाढावं म्हणून सासूने गुठल्यांवर पाण्याचा हात मारला होता. भाऊंनी टोपलीच्या तळातली एक गुठली काढली, दाताखाली फोडली आणि थुंकली.

"तुमच्या विहिरीचं पाणी चांगलं हाये, बाई," ते सासूला म्हणाले. "पण मी पाण्याचा धंदा नाई करत."

सासूने मान खाली घातली. मी नाही घातली. चूक आमची होती, तरी भर बाजारात मी ओरडले, "दातानं माल पाहून राह्यले, तर तुमचे दातच ठेवा काट्यावर! त्याईचं बी वजन करू!"

लोक हसले. भाऊही हसले. म्हणाले, "वाळवून आणजा. आन् सूनबाई, तुले काम पायजे असन तर शेडमधी ये. जिची जीभ एवढी चालते तिचा हात बी चालत असन."

तेव्हा त्यांच्या गुठल्या फोडायच्या शेडमध्ये हातात घेतलेलं सूप अजून माझ्या हातात आहे.

आता भाऊंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून सत्कार समितीने पुस्तक काढायचं ठरवलं. मला पत्र आलं, "आपल्या गोड आठवणी लिहून पाठवाव्यात." मी चौथी शिकलेली बाई. लिहायला बसले तर गोड आठवणी कमी आणि रागाच्याच जास्त निघाल्या. समितीला गोडच पाहिजे असेल तर मिठाईच्या दुकानात जावं.

राग पहिला समितीचाच. आज हार घेऊन उभे राहणारे अर्धे लोक भाऊंना "पागल" म्हणत होते, तेही तोंडावर. ज्यांनी गावोगावी टेम्पो फिरवून कच्चा चार उचलला ते सत्काराच्या पत्रिकेत वरच्या ओळीत आहेत. नाव लिहीत नाही. त्यांना स्वतःला माहीत आहे, आणि बाजारालाही माहीत आहे.

झालं काय होतं ते सांगते, मी शेडमध्ये लागून बरीच वर्षं झाल्यावरचं. आमच्या गावांत पंडुमाची रीत आहे. चैत्रात चार, आंबा पिकायला लागला की गावाचा पुजारी, म्हणजे गायता, दिवस धरतो. त्या दिवशी नवं फळ आधी देवाला द्यायचं, पुरख्यांना, म्हणजे पूर्वजांना द्यायचं, मग माणसांनी खायचं. त्याच्या आधी कोणी तोडत नाही, तोंडात घालत नाही. ही रीत टेम्पोने मोडली. टेम्पोवाला फाल्गुनातच यायचा आणि हिरवा चार वजनावर घ्यायचा. एका घराने तोडला की दुसऱ्या घराला धास्ती, आपल्याला काही उरणार नाही. पिकलेला चार काळा होतो, फांदी हलवली तरी पडतो. हिरवा पडत नाही. त्याच्यासाठी झाडावर चढावं लागतं, फांदी तोडावी लागते. दोन-तीन वर्षांत झाडं बोडकी दिसायला लागली. शेडमधल्या फोडायच्या मशीनमध्ये गुठली टाकली की चारोळी नाही, भुसा निघायचा.

तेव्हा भाऊंनी बाजारात सगळ्यांदेखत काट्याचं पारडं उलटं करून ठेवलं आणि सांगितलं, "गावात पंडुम होईपर्यंत हे पारडं सुलटं होणार नाई. ज्याले टेम्पोत टाकायचं त्यानं टाका."

बाजार खवळला. एकजण म्हणाला, "चाचा, तू मुसलमान आदमी. तुले पंडुमाशी काय घेणं?"

भाऊ म्हणाले, "मी रोजा ठेवतो. भूक दुपारीच लागते. पण रोजा सूर्य बुडल्यावर सोडतो, भूक लागल्यावर नाई. तुमचं झाड बी थांबून राह्यलं, त्याले थांबू द्या."

हे आज सगळे टाळ्या वाजवत सांगतील. तेव्हा टाळी एकानेही वाजवली नाही. भाऊंच्या धाकट्या भावाने त्याच आठवड्यात भागीदारी सोडली आणि समोरच्या गल्लीत वेगळं दुकान मांडलं, आणि तेही कच्चा माल घेणारं. तेव्हापासून ईदलाही तो भाऊंच्या दारात आला नाही. भाऊंची बायको, आमच्या भाभी, दरवर्षी त्याच्या वाटणीचा शिरखुर्मा वाटीत काढून ठेवतात. संध्याकाळी ती वाटी मला देतात. मी खाते.

आता माझा राग, माझ्या स्वतःवरचा. हेही लिहिते, नाहीतर हा लेख खोटा होईल.

शेडमध्ये आम्ही चौदा बाया होतो. पारडं उलटं म्हणजे आमचे हात रिकामे. मी भाऊंना म्हटलं, "तुमचा नियम तुमच्या घरी. आमच्या चुलीनं काय करावं?" त्यांची एक सवय मला कधीच आवडली नाही. निर्णय घेतात, आणि कारण विचारलं की दुपट्ट्याने काटा पुसत बसतात.

मग मी डोकं चालवलं. मी गायत्याकडे गेले. म्हातारा माणूस, नात्याने माझा मामासासरा. म्हटलं, "मामाजी, पंडुम आपल्या हातात हाये ना? मग दहा दिवस आधी करा. बाया बसून हायेत."

ते म्हणाले, "फळ कुठी पिकलं, सून?"

मी म्हटलं, "देवाले हिरवं चालते. देव थोडाच चावून पाहून राह्यला?"

हे मी बोलले. आज लिहितानाही कानशिलं तापतात. शेवटी माझ्या आग्रहाला म्हातारा वाकला आणि दहा दिवस आधी पंडुम झाला. आम्ही बाया ढोल वाजवत टोपल्या घेऊन धानोऱ्याला आलो. मी सर्वांत पुढे होते. म्हटलं, "भाऊ, झाला पंडुम. करा पारडं सुलटं."

भाऊंनी माझ्या टोपलीतली गुठली दाताखाली फोडली. आत पांढरं पाणी होतं.

"पंडुम झाला," ते म्हणाले. "झाडाले कोणी सांगतलं?"

माल घेतला नाही. आणि मला म्हणाले, "जैवंता, मशीन बिघडवली असती तर मी काई बोललो नसतो. तू गायत्याले खोटं पाडलं. पुढच्या पंडुमापर्यंत शेडमधी यायचं नाई."

मशीन माझ्याशिवाय कोणाला नीट चालवता येत नव्हती. त्यांना माहीत होतं. तरी काढलं. मी टोपली घेऊन तशीच टेम्पोकडे गेले आणि जाताना जे बोलले ते या पुस्तकात छापता येणार नाही.

पुढच्याच आठवड्यात माझा नवरा देवाजी हिरवा चार तोडायला झाडावर चढला. मीच चढवला. अर्धवट तोडलेल्या फांदीवर पाय पडला आणि फांदीसकट खाली आला. खुब्याचं हाड मोडलं. गावातून आमच्या पोराने कोणाकोणाला फोन केले मला माहीत नाही, पण गाडी घेऊन आले ते हबीबभाऊ. गडचिरोलीच्या दवाखान्यात तीन दिवस बाकावर बसून होते. नमाजाला उठायचे, परत येऊन बसायचे. भाभींनी भाकरीचा डबा पाठवला त्यातली अर्धी भाकर माझ्या हातात द्यायचे. तीन दिवसांत "मी सांगत होतो" असं एकदाही म्हणाले नाहीत. मी वाट पाहत होते. म्हणाले असते तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तेवढीही सोय त्या माणसाने ठेवली नाही.

आणि कामावर? घेतलं नाही! दवाखान्यात भाकर दिली, पण शेडचं दार एक वर्ष बंद ते बंदच. बाकी तेरा बायांना त्यांनी त्या वर्षी बेहडा आणि हिरडा फोडायच्या कामावर लावलं. मी चालवायची ती मशीन झाकून ठेवली, पण एकाही बाईला घरी बसवलं नाही. घरी बसले ती एकटी मी.

पुढच्या वर्षी गायत्याने पंडुम वेळेवर केला. भाऊ गावात आले, रीतीप्रमाणे लांब बसले. देवाला दिल्यावर मी पानाच्या द्रोणात चार नेऊन त्यांच्यापुढे ठेवला. काळाभोर होता. त्यांच्या तोंडात तेव्हा दोन-चारच दात उरले होते. गुठली फुटेना. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली.

"तू चाव."

मी चावली. आत भरलेली चारोळी होती.

"उद्या येजो," म्हणाले. त्या दिवसापासून काट्यावर येणारी गुठली मी चावते.

चार-पाच वर्षांत झाडं सावरली. आमची चारोळी टपोरी म्हणून चंद्रपूर-नागपूरचे मिठाईवाले आधीच सांगून ठेवतात, आणि टेम्पोवाले आता सत्कार समितीत आहेत. इथे लेख संपवला असता तर समिती खूश झाली असती. पण मागच्या वर्षीचं राहिलंच.

मागच्या वर्षी चैत्राच्या तोंडावर भाऊंना चंद्रपूरला दवाखान्यात भरती केलं. छातीचा त्रास. काटा माझ्याकडे. पंडुमाला आठ दिवस होते, पारडं उलटं होतं. आणि माझी नणंद कमला टोपली घेऊन आली. हिरवी टोपली. तिच्या मुलाला वसतिगृहात जागा मिळाली होती आणि दोन दिवसांत पोहोचवायचं होतं. ती माझ्याशी बोललीच नाही. अंगणात उभं राहून तिने सरळ भाऊंना फोन लावला, रडली, आणि फोन माझ्या कानाला लावला.

भाऊंचा आवाज बारीक झाला होता. "घेऊन टाक, जैवंता. एका टोपलीनं काय होते?"

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. ज्या नियमापायी माझं काम गेलं, वर्षभर मी घरी बसले, तो नियम हा माणूस एका फोनवर सोडून देत होता! मी म्हटलं, "एक टोपली आज. उद्या चाळीस येतील. मी नाई घेत." आणि फोन ठेवला.

कमला म्हणाली, "तू मालकीण झाली का वो? मालक हो म्हणून राह्यला आन् तू नाई?"

मी कानातले काढून तिच्या हातात दिले, म्हटलं पोराला पोहोचव. तिने ते टोपलीत फेकले आणि टोपली तिथेच टाकून गेली. पोरगा वसतिगृहात पोहोचला, कसा ते मला कोणी सांगितलं नाही. त्या पंडुमाला कमला आमच्या पंगतीत बसली नाही. अजून बोलत नाही.

भाऊ दवाखान्यातून आले ते आधी शेडमध्ये आले, मग घरी गेले. उलट्या पारड्यावर धूळ होती. तिच्यावर बोट फिरवलं.

"माझं बी ऐकलं नाई तू."

"पहिले सांगतलं ते ऐकलं," मी म्हटलं. "म्हणून मागून सांगतलं ते नाई ऐकलं. काऊन ढिले पडले तुम्ही?"

भाऊ दुपट्ट्याने काटा पुसायला लागले. मला वाटलं नेहमीसारखे गप्प बसतील. पण त्या दिवशी बोलले. "माझा भाऊ याच काट्यावरून गेला. तुझी नणंद जाऊ नये वाटलं."

एवढ्या वर्षांत त्यांनी दिलेलं हे पहिलं कारण. मला इतका राग आला की मी सूप आपटलं आणि मागे जाऊन बसले. आधी का नाही सांगितलं? पारडं उलटं करताना त्यांनाही दुखतं, हे आधी सांगितलं असतं तर मी बाजारात तेवढ्या शिव्या दिल्या नसत्या. मला वाटायचं या माणसाला काही लागतच नाही.

आता भाऊ म्हणतात, "पंच्याहत्तर झाले. काट्याचं आता तू पाहा." समितीने तर भाषणात "निवृत्ती" हा शब्दही घालून ठेवला आहे. मी सगळ्यांसमोर लिहून देते, मला हे मान्य नाही. गुठली मी चावीन, नाही मी म्हणीन. पण शिव्या मी एकटी खाणार नाही. त्या अर्ध्या-अर्ध्या झाल्या पाहिजेत. काट्याजवळची खुर्ची भाऊंची आहे, ती तिथेच राहील.

समितीने पाहुण्यांच्या सोयीने सत्काराचा दिवस पंडुमाच्या आधी धरला आणि मला निरोप पाठवला की खिरीसाठी ताजी, नवी चारोळी द्यावी. नवी मिळणार नाही. मागच्या वर्षीची आहे, ती देईन. ज्याला चालत नसेल त्याने खीर खाऊ नये.

कमलाला कोणी हे वाचून दाखवलं तर सांगा, वैनीने निरोप दिला आहे. दुसरी टोपली घेऊन ये. काळी भरून आण. पहिलं वजन तुझं. कानातले अजून तू टाकून गेलेल्या टोपलीत आहेत. आणि समोरच्या गल्लीतल्या धाकट्या भावाला सांगा, यंदा ईदला त्याची वाटी मी खाणार नाही.

भाऊ, लोक तुम्हाला शंभर वर्षांचं आयुष्य मागतील. माझं मागणं तेवढं मोठं नाही. यंदाच्या पंडुमापर्यंत धडधाकट राहा. पारडं तुमच्या हाताने सुलटं करा, पहिला चार माझ्या हातावर ठेवा आणि म्हणा, "तू चाव." मग पुढच्या वर्षी मी पुन्हा पुढच्या पंडुमापर्यंतचंच मागीन. दरवर्षी मागीन. आणि तुम्ही दरवर्षी थांबा. झाडाला थांबायला सांगणारे तुम्हीच आहात ना?

— जैवंताबाई हलामी