राक्षसाची डावी मूठ

टीव्हीवरचा तो राक्षस मरत नाही, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. त्याला जाळून झालं, कड्यावरून ढकलून झालं, मंतरलेल्या भाल्याने भोसकून झालं. धूर निवळला की हा आपला उभाच. त्याचे प्राण त्याच्या डाव्या मुठीत होते आणि ती मूठ तो कधी उघडत नसे. इतर लोक जीव मुठीत धरून पळतात, हा जीव मुठीत धरून चालून येई. मूठ उघडली की तो संपला, हे पहिल्याच भागात सांगून टाकलं होतं. ती कधी उघडते याची वाट बघत लोक जेवणं उरकून टीव्हीसमोर बसत.

त्या राक्षसाच्या आत मास्तर असत.

मास्तर मूळचे पोहायला शिकवणारे. गावच्या सार्वजनिक तलावावर त्यांनी उभी हयात घालवली. मग तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला आणि बंदच राहिला. एका विद्यार्थिनीचे वडील मालिकांच्या धंद्यात होते, त्यांना मास्तरांचे खांदे आठवले. "खांदे बघून घेतलंय हो, तोंड बघून नाही," असं मास्तरांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आवाजही त्यांचा नव्हताच. राक्षसाची गर्जना दुसराच कोणी माणूस काचेच्या खोलीत बसून करायचा, कारण मास्तरांचा आवाज पिपाणीसारखा. त्यात घरात पाल दिसली की ते स्टुलावर चढत. "तिकडे सैन्यं लोळवता आणि इकडे ही बोटभर पाल," असं म्हणत बायको झाडू घेऊन पुढे होई.

सुरुवातीला राक्षसाचं तोंड तुकड्यातुकड्यांचं होतं. कपाळ वेगळं, गाल वेगळे. पुढे मालिका चालली, पैसा आला, तसा एकसंध मुखवटा आला. डोक्यापासून कमरेपर्यंत रबराची एकच कातडी, डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती चिकटवलेली, मानेमागे शिंगांखाली घट्ट आवळलेली. तोंडात सुळे, त्यामुळे बोलणं बंद. हवा यायची ती नाकाच्या दोन भोकांतून.

पहिल्या दिवशी तो चढवला आणि मास्तरांना आत कोंडल्यासारखं झालं. पाण्याखालून अख्खा तलाव एका दमात पार करणारा हा माणूस. पण पाण्यात एक बरं असतं, वाटलं की वर यायचं. इथे वर नव्हतंच.

ते कुणाला बोलले नाहीत. तालमीतला एक तगडा पोरगा मापं द्यायला येऊन गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. खांदे काय, कुठल्याही तालमीत मिळतात. या वयात हे काम सुटलं तर दुसरं कोण देणार?

कळलं ते फक्त रंगभूषेच्या ताईंना. सगळे त्यांना मावशी म्हणत, मास्तर ताई म्हणत. गळ्याशी कातडी चिकटवताना त्यांच्या बोटांना मास्तरांची नाडी लागली.

"घाबरलाय तुम्ही."

"छे, गरम होतंय."

"आमच्या ह्यांनाही गरमच व्हायचं, खोटं बोलताना." त्यांनी गोंदाचा ब्रश खाली ठेवला. "हे बघा, बोलता तुम्हाला येणार नाही. उजव्या हातात गदा. डावी मूठ काही तुम्ही उघडत नाही. ती उघडलीत की मी कात्री घेऊन येते. मग समोर साहेब असो की साहेबाचा बाप."

मास्तरांना एवढंच पुरलं. मूठ उघडायची वेळ कधी आली नाही. उघडता येते, एवढ्या आधारावर ते दिवस काढत राहिले.

मग राक्षसाला भिंतीत चिणायचा दिवस आला.

दगड थर्माकोलचे, पण त्यांच्या सांध्यांत भरायचं प्लास्टर खरं, ओलं. साखळ्याही खऱ्या, कारण खोट्या वाजत नाहीत. मास्तरांना कोनाड्यात उभं करून जखडलं. डावा हात तेवढा भिंतीबाहेर, मूठ वळलेली. डोळ्यांसमोर एक फट, तिथे कॅमेरा. ताई कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या होत्या. तेवढ्यात नायिकेच्या कपाळावरची नकली जखम सुटून लोंबायला लागली.

"आलेच मी, तोवर सुरू करू नका," असं मास्तरांकडे बघत सांगून त्या सामान आणायला आत गेल्या.

पण दुपार कलत होती, प्लास्टर वाळत होतं. दिग्दर्शक तरुण होता, वाईट नव्हता, घाईत होता. जखम केसांखाली ढकलली गेली आणि शॉट सुरू झाला.

नायिकेने फटीच्या कडेला दगड बसवला. दाबला. सांध्यातलं प्लास्टर आतल्या बाजूने ओघळलं आणि मुखवट्याच्या नाकावर बसलं. मास्तरांनी श्वास ओढला तो अर्धाच आला. पुन्हा ओढला, तेव्हा ओला गोळा भोकांत आणखी आत गेला. सुळ्यांच्या मागून त्यांनी आवाज काढला. राक्षस गुरगुरणारच, कुणाला काही वाटलं नाही. त्यांनी साखळ्यांना हिसडे दिले. राक्षस हिसडे देणारच.

फटीतून त्यांनी ताईंची जागा बघितली. ती रिकामी होती.

त्यांनी डावी मूठ उघडली.

सगळीकडे एकदम चिडीचूप झालं. मग दिग्दर्शकाचा दबका आवाज आला, "कट करू नका. कुणी हलू नका. कॅमेरा हातावर न्या."

मास्तरांनी मूठ मिटली, पुन्हा उघडली, बोटं ताणली. नायिकेच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. कागदावर नसलेलं वाक्य ती बोलून गेली, "सुटतोय त्याचा जीव." कुणीतरी मागे हुंदका गिळला.

तलावावर नवीन जीवरक्षकांना मास्तर एकच गोष्ट घोकून घेत. जो ओरडतोय त्याच्याकडे जरा उशिरा गेलात तरी चालेल, जो गप्प आहे त्याच्याकडे आधी बघा. बुडणारा ओरडत नाही. काठावरच्या बाकांवर बसलेल्यांना वाटतं, पोर खेळतंय. आता सगळे बाकांवर बसले होते आणि ते बघत होते.

धडपडलं की श्वास लवकर संपतो, हेही तेच शिकवत. म्हणून त्यांनी अंग सोडून दिलं. होती तेवढी हवा छातीत राखायची. हात भिंतीवरून सैल लोंबला, तळवा पालथा झाला. डोळ्यांपुढे काळोखी यायला लागली होती.

"वा," दिग्दर्शक पुटपुटला. "वा, मास्तर."

ताई कापूस आणि गोंद घेऊन दारात आल्या आणि त्यांना तो उघडा हात दिसला. हातातलं सगळं तिथेच टाकून त्या चालत सुटल्या, सरळ कॅमेऱ्यासमोरून.

"मावशी, फ्रेममध्ये येताय."

"फ्रेम गेली खड्ड्यात. श्वास कोंडलाय त्यांचा."

त्यांनी भिंत लाथेने पाडली. कोनाड्यात शिरून, शिंग एका हाताने धरून, त्यांनी मानेपासून कात्री चालवली आणि कातडी पुढे ओढून सोलून काढली. मास्तरांनी श्वास घेतला तो आवाज त्या काचेच्या खोलीतल्या माणसालाही काढता आला नसता.

दिग्दर्शकाने धावत येऊन साखळ्या सोडवल्या. "मला वाटलं, अभिनय करताहेत."

"मास्तरांना अभिनय येतो, असं तुम्हाला आजच का वाटावं?" ताई म्हणाल्या.

"पण मास्तर, तुम्हाला त्रास होतो त्या मुखवट्यात?" दिग्दर्शकाने विचारलं.

मास्तरांनी गालावरचं प्लास्टर पुसलं. दाराशी निर्मात्याचा माणूस उभा होता. "नाही," ते बारीक आवाजात म्हणाले. "आज जरा गरम झालं."

फाटलेला मुखवटा ताई शिवायला घेऊन गेल्या.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ताई पुढे येतात तिथे कापून बाकीचं सगळं ठेवलं होतं. राक्षसाचा हात पडदाभर उघडला. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "वहिनी, काय काम केलंय हो भाऊजींनी."

बायकोच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. लग्नाआधी ती त्याच तलावाच्या तिकीटखिडकीत बसायची.

"हे काम नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" बाजूला बसलेल्या मास्तरांनी विचारलं.

"असा हात मी खिडकीतून एकदा बघितलाय. तुम्ही पाण्यात उडी घ्यायच्या आधी. मला शिकवू नका." तिने टीव्ही बंद केला. "काय झालं होतं ते सांगा."

मास्तरांनी सांगितलं. पहिल्या दिवसापासूनचं सांगितलं, तालमीतल्या पोरासकट. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"उद्या जाऊन बोला. नाही तर मीच येऊन बसते तिथे, डबा घेऊन."

"आणि काम गेलं तर?"

"गेलं तर गेलं. मला राक्षस नकोय, नवरा हवाय. पाली मी मारीन."

दुसऱ्या दिवशी ताईंनी मुखवटा उचलला तेव्हा मास्तरांनी त्यांचा हात धरला आणि दिग्दर्शकाला हाक मारली. सगळ्यांसमोर, त्याच पिपाणी आवाजात ते म्हणाले, "मला यात भीती वाटते. पहिल्यापासून वाटते. बंद मुखवटा मी घालणार नाही."

दिग्दर्शकाने ताईंच्या हातातला मुखवटा घेतला. "तो तालमीतला मुलगा आठवतो? पाच मिनिटंही टिकला नाही, काढून फेकून पळाला. तुम्ही मात्र रोज घालत होतात. आम्ही म्हटलं, म्हणजे मुखवटा ठीक आहे."



राक्षसाला काढून टाकणं आता कुणाला परवडणारही नव्हतं. मूठ उघडूनही तो मेला नव्हता, प्रेक्षक चक्रावले होते आणि लेखक त्याचे प्राण दुसरीकडे कुठे ठेवता येतील याच्या शोधात होते. मुखवटा मागून मानेपासून कमरेपर्यंत उभा चिरला आणि तसाच उघडा ठेवला. सुळे लहान केले, तोंडाने श्वास घेता येईल इतके. प्रत्येक शॉटआधी दिग्दर्शक विचारतो, "मास्तर, ठीक?" मग शिंगं हलतात.

कॅमेरा आता त्यांच्या मागे कधीच जात नाही. तिथे ताई पुठ्ठ्याने उघड्या पाठीला वारा घालत उभ्या असतात. गर्व बघा केवढा, मरेल पण पाठ दाखवणार नाही, असं लोक कौतुकाने म्हणतात. शेजारणीने ते ऐकवलं, तेव्हा मास्तरांची बायको घडी घालता घालता फक्त हसली.