डिझेलला लागलेलं विरजण

सगळी नोकरी मी गुजरातेत कच्च्या तेलाच्या प्रयोगशाळेत काढली, आणि निवृत्त होऊन वारूळवाडीला आल्यावर पहिल्याच महिन्यात वहिनीच्या कोथिंबिरीत डिझेल सोडलं. ट्रॅक्टरसाठी वाफ्यांच्या कडेला ठेवलेल्या ड्रमची तोटी उघडली, तेवढ्यात फोन आला. बोलून परत येईपर्यंत दोन्ही वाफे डिझेल पिऊन बसले होते.

बाकी सगळं रान थोरल्या भावाचं, हे दोन वाफे तेवढे वहिनीचे. ती आली, खाली बसली, मातीचा वास घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तेलाचे एवढे मोठे सायेब तुमी, भावजी. आता सांगा, ही माती जगंल का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तर ठाऊक होतं, पण फक्त कागदावरचं. तेलाचा आलेख काढला की कंगव्याच्या दातांसारखे सुळके उभे राहतात, एकेक सुळका म्हणजे एकेका जातीचे रेणू. काही तेलविहिरींच्या तेलात ते दातच नसतात, नुसता एक उंचवटा उरतो. जमिनीखाली, हवा नसलेल्या खडकात, जिवाणूंनी ते खाल्लेले असतात. आधी सरळ साखळीचे रेणू, मग फांद्या फुटलेले, कड्याकड्यांचे सगळ्यात शेवटी. हलकं संपतं आणि दाट, आंबट, गंधकानं जड झालेलं तेल मागे राहतं. लाखो वर्षांच्या त्या पंगतीची उष्टी मी जन्मभर तपासली, जेवणाऱ्यांचा विचार कधी केला नाही.

"जगेल," मी म्हणालो, "पण कधी, ते सांगता येत नाही."

भाऊ खोरं घेऊन आला. माती काढून लांब टाकू म्हणाला. वहिनीनं त्याला हातानंच थांबवलं.

"हिरीवरचं जुनं इंजान किती वर्सं गळतंय? तरी त्याच्याखाली हराळी माजलीय न्हाई का? त्या मातीला डिझेल पचतंय. तिचं इरजण लावू हितं."

मी तोंडात बोट घातलं. प्रयोगशाळेतला अख्खा फळा भरून जे लिहावं लागतं, ते ती दह्याच्या भाषेत बोलून मोकळी झाली होती.

आम्ही इंजिनाखालची दोन घमेली काळी माती आणून वाफ्यांत मिसळली, वर शेणकाला ओतला, ओल धरून ठेवली. खडकातल्यांचं हवेवाचून चालतं, पण मातीतल्या या जिवांना हवा लागते, तेव्हा सारखं खुरपत राहा, एवढी एकच गोष्ट माझ्या विद्येतून निघाली. खुरपं अर्थात माझ्याच हातात आलं.

रोज सकाळी मी मूठभर माती हुंगायचो. डिझेलचा झणका आधी गेला, मग जुन्या रंगासारखा वास राहिला, तोही विरत गेला. आलेखातले सुळके माझ्या नाकाखाली एकेक करून गळत होते. डोळ्यांना न दिसणारे जीव, ना तोंड ना दात, आणि माझी चूक ते खात होते. वाफ्यात चप्पल घालून जायला मला संकोच वाटू लागला.

दिवाळीनंतर वहिनीनं धने टाकून पाहिले. कोंब आले तेव्हा ती बराच वेळ त्यांच्याजवळ बसून राहिली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मग ती उठली, वाफ्यातली थोडी माती गाडग्यात भरली आणि ते ड्रमशेजारी नेऊन ठेवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

डिझेल सांडल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. "भावजी घरात हायेत तवर इरजण संपू द्यायचं न्हाई."