लग्नपत्रिकांचा पाऊस

नीलकंठराव सबनीस झालेल्या लग्नांच्या पत्रिका मागत घरोघर फिरायचे, आणि आमच्या देवासच्या कॉलनीत हे कुणालाच सरळ वाटत नव्हतं. पत्रिकेवर गणपती असतो, कुलदेवतेचं नाव असतं, म्हणून आपल्याकडे ती कुणी रद्दीत घालत नाही. कपाटात गठ्ठे साचतात. ते न्यायला माणूस आला की सुटल्यासारखं व्हायचं, आणि त्याची पाठ वळली की शंका यायची. याला कशाला हव्यात?

ते पीथमपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. निवृत्तीनंतर, पत्नी गेल्यावर, योगेंद्र शितोळ्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने आले. कारखान्याचा एका जपानी कंपनीशी करार होता आणि तिकडून दरवर्षी कॅलेंडर यायचं. त्यात लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं असत: पावसातला पूल, लाटेखालची होडी, बर्फात छत्री धरलेली बाई. नीलकंठराव ती चित्रं मिठाईच्या खोक्यात उभी करायचे. मागे डोंगर, मधे पूल, पुढे पाऊस, सगळं कापलेल्या कागदाचं, एकापुढे एक चिकटवलेलं. डोळा खोक्याशी नेला की आपण पुलावर उभे आहोत असं वाटे. "दुकानातला कागद मान टाकतो," ते सांगायचे. "पत्रिकेचा ताठ राहतो."

"सांगायला ठीक आहे," माझी पत्नी शशिकला म्हणायची. "पत्रिकेवर पत्ता असतो, मोबाइल नंबर असतो. आजकाल काय काय ऐकू येतं." कॉलनीच्या समितीचा सचिव या नात्याने मीही त्यांच्यावर जरा नजर ठेवून होतो.

गेल्या वर्षी योगेंद्रच्या मुलीचं, कृतिकाचं, ठरलेलं लग्न मोडलं. पत्रिका छापून आल्या होत्या, पहिली टेकडीवर देवीपुढे ठेवूनही झाली होती, आणि मुलाकडच्यांनी नकार कळवला. उरलेला गठ्ठा योगेंद्रने माळ्यावर ठेवला. त्यानंतर दोन स्थळं आली आणि गेली.

एका रविवारी दुपारी योगेंद्र माझ्याकडे आला. "भिया, जरा वर चला. टाकी बघायला गेलो होतो. सबनीसच्या खिडकीतून दिसलं. त्याच्या खोक्यातला पाऊस मोरपंखी आहे, चंदेरी बुट्ट्यांचा. वो कागज मैंने खुद पसंद किया था. माळा पाहिला, गठ्ठा गायब."

"तोच कागद कशावरून?"

"मी ओळखणार नाही? आणि मला सांगा, जुळत आलेलं स्थळ परत का फिरतं? या माणसाने माझ्या पोरीच्या पत्रिकेवर कात्री चालवली आहे."

असल्या गोष्टी मी मानत नाही. पण दुसऱ्याच्या माळ्यावरची वस्तू याच्या खोलीत कशी, हा प्रश्न मलाही पडला.

वर नीलकंठराव ब्लेड घेऊन बसले होते. योगेंद्रने खोक्याकडे बोट केलं. "हा कागद कुठला?"

"मिळाला."

"कुणी दिला?"

ते बोटांची खळ पुसत राहिले. "ते सांगता येणार नाही. चोरलेला नाही, एवढं खरं."

"मग महिनाअखेर खोली खाली करा."

"अहो, नाव सांगा आणि मोकळे व्हा," मी म्हणालो. "या वयात कुठे खोली शोधत फिराल?" त्यांनी फक्त नकारार्थी मान हलवली. माझा संशय पक्का झाला. लपवण्यासारखं काही नसतं तर माणूस बोलला असता.

"पप्पा, मैंने दिए." कृतिका जिन्यात उभी होती.

"तू? कशाला?"

"तुम्ही रोज माळ्याकडे बघायचात. म्हणायचात, असू देत, ते लोक परत येतील, मग याच पत्रिका लागतील. नहीं आएँगे वो, पप्पा. काका म्हणाले, आधी वडिलांना विचार. मीच म्हटलं, कुणाला सांगू नका. शब्द घेतला त्यांच्याकडून."

योगेंद्र नीलकंठरावांकडे वळला. "गणपतीसुद्धा कापला?"

नीलकंठरावांनी बिस्किटांचा डबा उघडला. आत गणपतीच गणपती, कुलदेवतेच्या नावासकट अखंड सोडवलेले. "देवाला ब्लेड लावत नाही. हे क्षिप्रेत सोडतो."

"आणि हिचं नाव? त्या मुलाचं?"

"पावसात गेलं. तिनेच सांगितलं होतं, वाचता येऊ नये."

योगेंद्रने खोकं उचलून खिडकीशी नेलं. पावसाच्या रेघा दोऱ्यासारख्या बारीक होत्या. तो खोकं इकडून तिकडून कलवून अक्षरं शोधत राहिला. "काहीच लागत नाही," तो म्हणाला.

खोकं त्याने जपून जागेवर ठेवलं. "राहा तुम्ही. पण ही वर येईल तेव्हा दार सताड उघडं पाहिजे."

"दार उघडलं की वाऱ्याने कागद उडतात."

"उडू देत."

नीलकंठरावांनी पंखा बंद केला आणि दाराला वीट लावली. कृतिका खाली बसून दोन्ही हातांनी कागद दाबून धरू लागली. मी निघालो. योगेंद्र मात्र दारासमोरच्या पायरीवर बसला.

"येतोस ना?" मी विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे, भिया," तो म्हणाला. त्याची नजर आतच होती.