धाकटीच्या बांधावर थांबलेली आग

खरं सांगायचं तर त्या दुपारी आगीपेक्षा जास्त मला माझ्या धाकट्या बहिणीची हिरवी झाडं पोळत होती.

आम्ही वाडीला राहतो. अमरावती रोडने बरंच पुढे, जंगलाला लागून, आमच्या वडिलांची संत्र्याची बाग. त्यांच्यामागे ती आम्हा दोघी बहिणींत वाटली गेली. जंगलाकडची अर्धी माझी, रस्त्याकडची शालूची. लग्नाआधीपासून मी देवीचे शुक्रवार धरते, नवरात्रात अनवाणी राहते. शालूला उपास झेपत नाही. देवळात आली तरी पायरीवर बसून चपला सांभाळत कुणाशी तरी गप्पा मारते. तरी बहर तिच्या झाडांना जास्त, पाणी तिच्या विहिरीला जास्त. देवीपुढे बसूनही माझ्या मनात हेच चालायचं.

यंदा हिवाळ्यात पावसाचा थेंब पडला नाही. होळीच्या आधीच वैशाखासारखं तापलं. सागाची पानं लवकर गळाली आणि पायाखाली पापडासारखी मोडू लागली. जंगलात आग दर उन्हाळ्यात लागते, पण जमिनीलगत सरपटते आणि विझते. यंदा गरम वारा सुटला होता. आग बांबूच्या बेटांवर चढली आणि उड्या मारत थेट माझ्या बागेत उतरली.

आमचे हे ठिबकच्या नळ्या ओढून काढायला धावले. मी "राहू द्या, राहू द्या" ओरडत मागे. धुरात ते आधी खाली बसले, मग आडवेच झाले. शालू पलीकडून पळत आली. आम्ही दोघींनी त्यांना काखेत धरून ओढत तिच्या बांधापलीकडे नेलं. आग आमच्या मागोमाग बांधापर्यंत आली आणि तेवढ्यात वारा फिरला. ज्वाळा मागे वळल्या, जळलेल्यावरच घुटमळल्या. कुणी म्हणतं शालूने आदल्या दिवशी पाणी दिलं होतं, म्हणून. असेल. मी एवढंच पाहिलं की माझी बाग काळी झाली आणि तिचं पानही पिवळं पडलं नाही.

नवऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मी तिच्या झाडांकडे बघत होते. आई, शुक्रवार मी धरले, आणि तू उभी राहिलीस हिच्या बांधावर?

"ताई, काहून तशी पाहून राहिली वं? भाऊजींचे पाय चोळ!" शालू ओल्या पदराने त्यांची छाती पुसत होती. ह्यांचा श्वास घरघरत होता. फोन कुणालाच लागेना.

तेवढ्यात तिच्या झाडांमधल्या कच्च्या वाटेने पाण्याचा टँकर आत आला. डोक्याला दुपट्टा बांधलेला ड्रायव्हर खाली उतरला. "लग्नघरी पाणी घेऊन चाललो होतो. धूर दिसला, म्हटलं कोणी अडकलं असन. उचला जी, बाई. रडू नका."

ह्यांना केबिनमध्ये निजवलं. मी त्यांचं डोकं धरून बसले. टँकर निघाला तशा दोन्ही बाजूंच्या फांद्या खिडकीला घासू लागल्या, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रस्त्याला जायला हीच एक वाट. ही झाडं पेटली असती, तर हा माणूस आत आला नसता, आम्ही बाहेर पडलो नसतो. मी जिच्यावरून देवीशी भांडत होते, तीच कृपा माझ्या नवऱ्याला दवाखान्यात नेत होती.

वाडीच्या दवाखान्यात ह्यांना लगेच ऑक्सिजन लावला. मी बाहेर येईपर्यंत टँकर निघून गेला होता. नाव विचारायचं राहिलंच.

हे घरी आले त्या आठवड्यात शालूचा फोन आला. "ताई, लोक नारळ घेऊन येऊन राहिले वं बांधावर. माह्या पाया पडतात. मले लाज वाटते. तू ये."

मी गेले. नारळ मीच फोडला. हेवा तेवढ्याने गेला, असं म्हणणार नाही; तिचा नवा बहर पाहिला की अजूनही पोटात दुखतं. पण हात जोडल्यावर आता मी देवीला माझं शेत दाखवत नाही. कुठून यायचं, कुणाच्या दारातून यायचं, ते तिचं तिला ठाऊक. मी फक्त म्हणते, आलीस, आई.